माल्टा : तीन विमानांची दंतकथा आणि तिच्यामागची माणसे

सोमवार : व्हॅलेटा, सेंट एल्मोचा किल्ला

व्हॅलेटा शहराच्या टोकाला, दोन्ही बाजूंच्या बंदरांमध्ये घुसलेल्या खडकावर सेंट एल्मोचा किल्ला उभा आहे. ११ जून १९४० रोजी सकाळी सातच्या सुमारास इटलीच्या हवाई दलाने माल्टावर पहिला हल्ला केला, तेव्हा याच किल्ल्यावरील तोफखान्याचे सहा माल्टीज जवान ठार झाले. इटलीने युद्ध पुकारून तोवर एक रात्र काय ती उलटली होती. उत्तरेला जेमतेम ९५ किलोमीटरवर असलेल्या सिसिलीत इटलीची शंभराहून कितीतरी अधिक लढाऊ आणि बाँबफेकी विमाने तयार होती. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या आणि बृहन्मुंबईपेक्षाही लहान अशा या द्वीपसमूहाच्या रक्षणासाठी त्या सकाळी आकाशात झेपावली ती ‘सी ग्लॅडिएटर’ जातीची तीन द्विपंखी विमाने. पुढे त्यांना फेथ, होप आणि चॅरिटी अशी नावे मिळाली. त्यांतील फेथ या किल्ल्यातील राष्ट्रीय युद्धसंग्रहालयात ठेवलेले आहे आणि आमच्या प्रवासाचा आरंभ आम्ही मुद्दाम तेथूनच केला.

सोबत माझे थोरले बंधू होते. दादांनी भारतीय हवाई दलात इंजिन फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवली आणि ओझरच्या दुरुस्ती डेपोतून ते निवृत्त झाले. माल्टाच्या हवाई युद्धाविषयी मी पुष्कळ वाचले होते, परंतु ते सारे वैमानिकांविषयी होते. दादा फेथपाशी गेले ते थेट इंजिनाकडे.

या विमानाला आज पंख नाहीत. सप्टेंबर १९४३ मध्ये, माल्टाला शत्रूचा पडलेला वेढा उठल्यानंतर, एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क यांनी ते माल्टाच्या जनतेला समारंभपूर्वक अर्पण केले, तेव्हाही उरला होता तो केवळ धडाचा सांगाडा. नाकाशी गोलाकार मांडणीचे नऊ सिलिंडरचे ‘ब्रिस्टल मर्क्युरी’ इंजिन, मागे सरकत्या झाकणाचा कॉकपिट आणि एकूण चार मशीनगन एवढाच या विमानाचा पसारा होता. वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर. ज्या ‘साव्हॉया-मार्केटी’ बाँबफेकी विमानांना अडवायचे, ती याच्याहून वेगवान होती, म्हणजे पाठलाग करून गाठण्याचा प्रश्नच नव्हता. शत्रू येण्यापूर्वीच उंची गाठायची आणि वरून सूर मारताना जी काही क्षणांची संधी मिळेल तेवढ्यात गोळीबार करायचा, हा एकच मार्ग वैमानिकांना मोकळा होता.

माल्टाजवळ तीनच विमाने होती, ही दंतकथा जगभर सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, त्या उन्हाळ्यात किमान सहा ग्लॅडिएटर आलटून पालटून वापरली गेली, मात्र एका वेळी तीनांहून अधिक क्वचितच उडू शकली. मी हे दादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “वर तीन दिसत होती याचा अर्थ खाली हँगरात तीन उघडी पडलेली असणार. एकाचे काढायचे आणि दुसऱ्याला लावायचे, तेव्हा कुठे तीन उडतात.” आकाशातील विमाने मोजणाऱ्या दंतकथेने हँगरातील हिशेब पूर्णपणे गाळलेला आहे, हे मला त्यांच्या या वाक्याने जाणवले आणि पुढचे सारे दिवस आम्ही तोच हिशेब शोधत हिंडलो.

मंगळवार : लास्कारिसची भुयारे

अप्पर बराक्का बागेच्या खाली, बुरुजाच्या पोटात, खडक पोखरून काढलेले लास्कारिस युद्धकक्ष आहेत. लढाऊ विमानांच्या नियंत्रण कक्षात मध्यभागी मोठे टेबल, त्यावर माल्टा व सिसिलीचा नकाशा आणि नकाशावर लांब काठ्यांनी सरकवायच्या खुणा. डिंगलीच्या कड्यावर १९३९ पासूनच रडार बसवलेले होते. तेथून आलेली माहिती कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकत ठोकळे सरकवण्याचे काम मुली करीत. त्यांत काही माल्टीज होत्या, काही सैनिकांच्या कुटुंबांतील होत्या आणि क्रिस्टिना रॅटक्लिफ ही तर युद्धामुळे माल्टात अडकलेल्या नृत्यपथकातील नर्तिका होती. वरच्या मजल्यावरील नियंत्रकाने आकडे पाहून निर्णय घ्यायचा आणि हाताशी चार-सहा विमाने असताना साठ-सत्तर विमानांच्या लाटेसमोर त्यांतील किती पाठवायची आणि किती राखून ठेवायची, हे मिनिटभरात ठरवायचे. दमट हवेच्या या भुयारात उभे राहिल्यावर त्या निर्णयाचे ओझे थोडेसे कळते.

१९४२ च्या आरंभी ग्रुप कॅप्टन वुडहॉल येथे मुख्य नियंत्रक म्हणून आले. उडण्याजोगे एकही लढाऊ विमान शिल्लक नसताना त्यांनी एका वैमानिकाला जमिनीवरच मायक्रोफोनसमोर बसवून त्याच्याशी आज्ञांची देवाणघेवाण सुरू केली, म्हणजे ऐकत बसलेल्या जर्मनांना वाटावे की वर तुकडी फिरते आहे. माणसे, पेट्रोल आणि यंत्रे तिन्ही संपत आली असताना केवळ आवाजाने शत्रूचे काही क्षण वाया घालवण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

येथेच एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ग्लॅडिएटरनंतर हरिकेन विमाने आली आणि ऑगस्ट १९४० मध्ये हाल फारच्या मूळ तुकडीतून २६१ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. या स्क्वाड्रनने इटालियनांशी बरोबरीने झुंज दिली. परंतु जानेवारी १९४१ मध्ये जर्मन हवाई दल सिसिलीत उतरले, ‘इलस्ट्रियस’ ही जखमी विमानवाहू नौका ग्रँड हार्बरमध्ये दुरुस्तीला असताना तिच्यावर बाँबचा वर्षाव झाला आणि फेब्रुवारीत योआखिम म्युन्शेबर्ग याच्या हाताखालील मेसरश्मिट १०९ विमानांची एक छोटी तुकडी आली. ही तुकडी दहा-बारा विमानांच्या आसपासची. तिने पुढच्या काही महिन्यांत चाळीसच्या जवळपास विमाने पाडल्याचे दावे केले, तेही स्वतःचे एकही विमान झुंजीत न गमावता. म्हणजे त्या काळात २६१ स्क्वाड्रनचा जीव काढला तो संख्येने नव्हे. त्यांची हरिकेन जुनी होती, इंजिने झिजलेली होती आणि शत्रू नेहमी त्यांच्याहून उंचावर असे. मे १९४१ मध्ये हे स्क्वाड्रन विसर्जित झाले. माल्टाचा इतिहास सांगताना हे पान घाईने उलटले जाते. मला वाटते, त्या वैमानिकांनी हरत असतानाही रोज उड्डाण केले, म्हणून ते पान थांबून वाचावे.

दुपारी फ्लोरियाना येथे गेलो. उंच स्तंभावर सोनेरी गरुड असलेले माल्टा स्मारक १९५४ मध्ये उभारले गेले. भूमध्य समुद्राच्या परिसरात उडताना नाहीशा झालेल्या, ज्यांना थडगेच नाही अशा राष्ट्रकुलातील सुमारे २,३०० हवाई सैनिकांची नावे पायथ्याशी ब्राँझच्या पट्ट्यांवर कोरलेली आहेत. विमानातून समुद्रात पडणे म्हणजे बहुधा नाव उरणे आणि देह न उरणे, असे त्या काळचे गणित होते.

बुधवार : हाल फार आणि कालाफ्राना

दक्षिणेकडे जाणारी बस बिर्झेबूजा गावाच्या वाटेने जाते. हाल फारच्या जुन्या विमानतळावर आज कारखाने आहेत. धावपट्टीचे लांबच लांब तुकडे मात्र अजून ओळखू येतात. कालाफ्राना, जेथे सी-प्लेनचा तळ होता, तेथे आता कंटेनर बंदराच्या अजस्र क्रेन उभ्या आहेत. पाहण्यासारखे येथे काहीच नाही, असे प्रवासी पुस्तिका सांगतील. आमच्या दृष्टीने मात्र सगळी गोष्ट येथूनच सुरू झाली.

‘ग्लोरियस’ या विमानवाहू नौकेची राखीव ग्लॅडिएटर विमाने सुटे भाग करून लाकडी पेट्यांत भरून कालाफ्रानाला ठेवलेली होती. त्यांतील काही नॉर्वेच्या मोहिमेसाठी नेण्यात आली. माल्टाचे हवाई अधिकारी एअर कमोडोर मेनार्ड यांच्याजवळ लढाऊ विमान एकही नव्हते. त्यांनी नौदलाकडे उरलेल्या पेट्या मागितल्या आणि एप्रिल १९४० मध्ये ‘हाल फार लढाऊ तुकडी’ उभी केली. मध्येच नौदलाने विमाने परत मागितली, म्हणून जोडलेली विमाने पुन्हा सुटी करावी लागली आणि नंतर पुन्हा जोडावी लागली. ८ जून १९४० रोजी नॉर्वेजवळ जर्मन युद्धनौकांनी ‘ग्लोरियस’ बुडवली. इटलीने युद्ध पुकारण्याच्या दोनच दिवस आधीची ही घटना. नॉर्वेला गेलेल्या पेट्या गेल्या आणि कालाफ्रानाला राहिलेल्या पेट्यांनी माल्टाचा पहिला उन्हाळा तारून नेला.

वैमानिकही असेच हाती लागतील ते गोळा केलेले होते. तुकडीत लढाऊ विमानांचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले कोणी नव्हते म्हटले तरी चालेल. जॉर्ज बर्जेस हे मूळचे सी-प्लेनचे वैमानिक आणि मेनार्ड यांचे स्वीय सहायक. कोणी लक्ष्य ओढणारी विमाने चालवत, कोणी कार्यालयात होते. २२ जून रोजी बर्जेस आणि ‘टिंबर’ वुड्स यांनी टेहळणीसाठी आलेले एक साव्हॉया विमान पाडले. बंदराच्या परिसरातील लोकांनी गच्च्यांवरून ते पाहिले आणि तोवर घाबरून गेलेल्या बेटाला आपल्यालाही रक्षणकर्ते आहेत याची खात्री पटली. १६ जुलै रोजी फ्लाइट लेफ्टनंट पीटर कीबल हरिकेनमधून लढताना कोसळून ठार झाले. माल्टावरील झुंजीत मृत्यू पावलेले ते पहिले लढाऊ वैमानिक. त्यांच्याशी लढणारे इटालियन विमानही त्याच झुंजीत, फारसे दूर नव्हे, असेच कोसळले. ३१ जुलैला पीटर हार्टली यांचे ग्लॅडिएटर पेटले आणि ते गंभीर भाजले. वुड्स पुढे ग्रीसला गेले आणि एप्रिल १९४१ मध्ये अथेन्सवरील झुंजीत मारले गेले. तेथेही त्यांच्या बाजूला अवघी पंधरा हरिकेन होती.

धावपट्टीच्या तुकड्यावर उभे राहून दादा सुट्या भागांचा विचार करीत होते. माल्टात ग्लॅडिएटरचा साठा नव्हता, मात्र ‘ब्लेनहाइम’ या बाँबफेकी विमानालाही मर्क्युरी जातीचेच इंजिन असे आणि येथील अभियंत्यांनी त्याचा लाभ घेऊन ब्लेनहाइमचे सामान ग्लॅडिएटरला जुळवून घेतले. पुस्तकात ही एक ओळ असते. दादांनी ती ओळ मला उलगडून सांगितली. इंजिनाचे कुटुंब एक असले तरी बैठक, नळ्या, नियंत्रणाच्या कड्या आणि पंख्याचा जोड प्रत्येक विमानात वेगळा असतो. कारखान्याचा नकाशा नसताना, हल्ल्याचा भोंगा होताच खंदकात पळायचे आणि भोंगा थांबला की त्याच बोल्टपाशी परत यायचे, अशा स्थितीत हे जुळवणाऱ्या फिटरची सही त्या विमानाच्या कागदावर असते आणि ते विमान उडून परत येईपर्यंत त्याला घास गोड लागत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढला होता.

गुरुवार : ता-आली, म्दिना, रबात, मोस्टा

ता-आलीच्या ज्या मैदानाला इंग्रज टकाली म्हणत, तेथे आज राष्ट्रीय स्टेडियम, हस्तकलेचे गाव आणि विमान संग्रहालय आहे. संग्रहालय पाहायला आम्हाला अर्धा दिवस लागला. तेथील हरिकेन जुलै १९४१ मध्ये समुद्रात पडले, १९९५ मध्ये वर काढले गेले आणि स्थानिक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ते उभे केले. शेजारीच एक स्पिटफायर आहे.

दोन्ही विमाने जवळजवळ असल्यामुळे दादांनी मला एक फरक हाताने दाखवला. हरिकेनच्या मागच्या भागात धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेले कापड आहे. गोळी कापडातून आरपार गेली तर ठिगळ लावायचे, त्यावर डोपचा, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचा, हात फिरवायचा, वाळले की विमान तयार. स्पिटफायरचे धड मात्र पत्र्याचे असून पत्राच तेथे भार पेलतो, त्यामुळे एक मोठे भोक पडले तरी पत्रा कापा, नवा तुकडा बसवा, रिव्हेट ठोका, असे दिवसाचे काम होऊन बसते. स्पिटफायर श्रेष्ठ खरे, पण ज्या बेटावर पत्रा, रिव्हेट आणि अन्न यांपैकी काहीच पुरेसे नव्हते, तेथे ते सांभाळणे किती कठीण गेले असेल, हे त्या दोन पृष्ठभागांवर बोट फिरवताना कळले. माल्टातील अशा विमानांच्या नाकाखाली फुगीर पेटी असे, ती धुळीच्या गाळणीची. माल्टाच्या मऊ चुनखडीची धूळ इंजिन खाऊन टाकी, म्हणून वेग थोडा कमी झाला तरी ती गाळणी लावावीच लागे.

टकाली हा २४९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा तळ. मे १९४१ मध्ये हे स्क्वाड्रन ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरून हरिकेन घेऊन आले. मार्च १९४२ मध्ये ‘ईगल’वरून पहिली १५ स्पिटफायर पोहोचली. २० एप्रिलला अमेरिकेच्या ‘वास्प’ नौकेवरून उडालेली ४६ स्पिटफायर माल्टात उतरली, परंतु जर्मनांना त्यांची चाहूल होती आणि पेट्रोल भरून होण्याआधीच हल्ले सुरू झाले. काही दिवसांत त्यांतील बहुतेक सारी जमिनीवरच निकामी झाली. त्या एका एप्रिलमध्ये बेटावर ६,७०० टनांहून अधिक बाँब पडले. १५ एप्रिलला राजे सहावे जॉर्ज यांनी संपूर्ण बेटाला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचे शौर्यपदक दिले होते, आणि त्याच आठवड्यांत बेटाची लढाऊ विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत होती.

९ मे १९४२ रोजी ‘वास्प’ आणि ‘ईगल’ या दोन नौकांवरून पुन्हा ६४ स्पिटफायर निघाली आणि सुमारे ६० पोहोचली. एप्रिलमध्ये फसले ते या वेळी फसले नाही आणि त्याचे कारण वैमानिकांच्या शौर्याइतकेच जमिनीवरील तयारीत आहे. मातीने भरलेले पेट्रोलचे डबे आणि चुनखडीचे दगड रचून सैनिकांनी व हवाई दलाच्या कर्मचाऱ्यांनी विमानांसाठी तीन बाजूंनी बंद असे आडोसे उभे केले होते. उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला त्याचा आडोसा आधीच नेमून दिलेला होता. तेथे कर्मचारी, डब्यांतील पेट्रोल, दारूगोळा आणि माल्टाचे आकाश जाणणारा ताजा वैमानिक वाट पाहत असे. नवा वैमानिक उतरे, पोटाखालची जादा टाकी काढली जाई, डबे हातोहात ओतले जात आणि दहा मिनिटांच्या आत कित्येक विमाने पुन्हा आकाशात गेली. जर्मन विमाने जमिनीवरील शिकार टिपायला आली तेव्हा ती शिकार त्यांच्या डोक्यावर होती. दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, ग्रँड हार्बरवर झालेल्या मोठ्या झुंजीत पारडे फिरले. दादांनी आपल्या नोकरीत अशा ‘टर्न अराउंड’चा सराव अनेकदा केला होता. डब्याने पेट्रोल ओतून तो दहा मिनिटांत करणे त्यांना जवळजवळ अशक्य वाटत होते, आणि म्हणूनच ते त्या मैदानाकडे बराच वेळ पाहत राहिले.

म्दिनाच्या तटावरून हे मैदान पूर्ण दिसते. येथील झारा पॅलेसमध्ये वैमानिक राहत आणि त्याच्या गच्चीवरून आपल्याच तळावर पडणारे बाँब पाहत. शेजारच्या रबात गावातील पॉइंट द व्ह्यू या अतिथिगृहावर २१ मार्च १९४२ रोजी बाँब पडून हवाई दलाचे काही अधिकारी मारले गेले. २४९ मधील कॅनडाचा जॉर्ज बर्लिंग हा वेढ्यातील सर्वांत यशस्वी वैमानिक. सुमारे चार महिन्यांत त्याच्या नावावर २७ विमाने लागली आणि ऑक्टोबरमध्ये तो स्वतः जखमी होऊन पडला.

रबातला मटाराचे सारण भरलेले गरम पास्तिझ्झी खाल्ले. चव थेट आपल्या मटार करंजीची. वेढ्याच्या काळात मात्र येथे माणशी रोज ३०० ग्रॅमच्या आसपास पाव मिळे आणि सार्वजनिक ‘व्हिक्टरी किचन’मधून पातळ स्ट्यू. जड डबे उचलणारे कर्मचारीही पोटात एवढ्याच अन्नावर ते काम करीत होते. परतताना मोस्टाचे चर्च पाहिले. ९ एप्रिल १९४२ रोजी लोक प्रार्थनेसाठी जमलेले असताना बाँब घुमट फोडून आत आला आणि फुटला नाही.

शुक्रवार : ग्रँड हार्बर आणि कालकारा

सकाळी व्हॅलेटाहून होडीने बंदर ओलांडून बिर्गूला गेलो. ऑगस्ट १९४२ मध्ये निघालेल्या ताफ्यातील १४ व्यापारी जहाजांपैकी पाचच या बंदरात पोहोचली. त्यांतले शेवटचे, ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, दोन्ही बाजूंनी विनाशिका बांधून १५ ऑगस्टला, सांता मारियाच्या सणाच्या दिवशी, ओढत आणले गेले. स्पिटफायर घेऊन वारंवार येणारी ‘ईगल’ त्याच मोहिमेत ११ ऑगस्टला बुडाली होती. ‘ओहायो’मधील तेल जहाजांसाठी आणि बेटाच्या चुलींसाठी होते. विमानांचे पेट्रोल इतर जहाजांच्या पोटात डब्यांमध्ये भरून आले आणि तेच रिकामे डबे पुढे आडोशांच्या भिंतींना लागले.

बिर्गूहून कालकाराच्या कॅपुचिनी नौदल दफनभूमीत चालत जाता येते. माल्टाच्या खडकावर माती इतकी थोडी की थडगी खडक कापूनच काढावी लागत, म्हणून एकेका थडग्यात कित्येकांना एकत्र ठेवले आहे आणि वर आडव्या शिळेवर साऱ्यांची नावे आहेत. वैमानिकांच्या नावांशेजारी ‘एअरक्राफ्टमन’, ‘लीडिंग एअरक्राफ्टमन’ (एलएसी) ही पदे वारंवार वाचायला मिळतात. विमानतळावरील हल्ल्यांत मारले गेलेले फिटर, रिगर आणि शस्त्रसाठ्याचे कर्मचारी ते हेच. ही पदनामे आपल्या हवाई दलातही आहेत आणि दादा स्वतः एके काळी ‘एलएसी’ होते. त्यांनी शिळा एकामागून एक वाचल्या. वयांचे आकडे मोठ्याने वाचले. बहुतेक विशी-बाविशीतले.

माल्टाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना माझे सांगणे असे की, सेंट एल्मोला फेथ पाहिल्यानंतर ता-आलीचे संग्रहालय आणि कालकाराची ही दफनभूमी वगळू नये. दफनभूमी बरीच मोठी आहे, म्हणून हाताशी दोन तास ठेवावेत, टोपी आणि पाणी सोबत घ्यावे आणि युद्धकाळातील सामुदायिक थडग्यांचा भाग कोणता, हे दारापाशी विचारून घ्यावे.